लोखंडी जावई

"आमच्या हळदीला मलासुद्धा असली आंघोळ घातली नव्हती."

माझे मालक माझ्या कानाशी पुटपुटले. मोठ्यानं कुरकुरायची त्यांना सवय नव्हती. आमच्या घरात मोठ्यानं बोलायचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे.

समोर, चाफा चौकातल्या लिंबाखाली, इस्माईलभाई रोबोला धूत होते. आदल्या दिवशीची घाण सुकून बसली होती, म्हणून कोमट पाणी, साबणाचा फेस आणि तान्ह्या बाळाला चालेल असला मऊ ब्रश. सहा चाकं, पुढं काचेचा एक मोठा डोळा, डोळ्याभोवती दिव्यांची माळ, मागं एक बारका डोळा आणि शेपटीसारखी लांबच लांब केबल. आकार म्हणाल तर पाय पोटाशी घेऊन बसलेल्या मांजराएवढा. शहराच्या पोटातल्या पाइपांतून तो फिरायचा, कुठं तडा गेलाय ते दाखवायचा आणि जमेल तिथं आतूनच ठिगळ लावायचा.

"हळू बोला," मी म्हटलं. "जावई रुसला तर समजूत कोण काढणार?"

"त्याची काढायला रांग लागंल. आम्ही रुसलो तर कुणाला कळतसुद्धा न्हाई."

जावई हे नाव माझ्या भावानं, विलासनं, ठेवलं होतं. ज्या दिवशी रोबो महापालिकेच्या आवारात उतरला त्या दिवशी नारळ फुटला, हार पडला, पेढे वाटले. त्याला मांडवात ठेवला आणि त्याच्यासोबत फोटोला उभं राहायचं म्हणून आम्हाला उन्हात ताटकळत ठेवलं. तेव्हा विलास यांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला होता, "दाजी, आता तुमचं काय खरं न्हाई. घरात नवा जावई आला. लोखंडी हाय, गंजला तरी मानपान सोडणार न्हाई." सगळे हसले. हेही हसले. पण त्या दिवसापासून यांची कुरकुर सुरू झाली ती माझ्या कानापुरती.

आता त्या चौकात चाफाही नाही आणि लिंबही नाही. वरून उड्डाणपूल गेलाय. खालचा पाइप मात्र तोच आहे.

आमची टोळी पाच जणांची. मी शालन अवघडे, माझे मालक धोंडिराम, विलास, गाडीचे ड्रायव्हर इस्माईलभाई आणि वर देखरेखीला नाईकवाडीसाहेब. साहेब तरणे होते, वाईट नव्हते. घरी तान्हं मूल, त्यामुळे डोळे कायम तारवटलेले. आमच्या गाडीच्या अंगावर निळ्या अक्षरात लिहिलं होतं: 'माणूस नाही, यंत्र उतरेल.' ते रंगवणारा 'यंत्र'वरचा अनुस्वार विसरला होता. विलासनं नंतर खडूनं दिला. पावसानं तो पुसला की विलास पुन्हा द्यायचा.

मी गाडीत पडद्यासमोर बसायचे. शिक्षण सातवी. कंपनीचा माणूस शिकवायला आला तेव्हा आधी पुरुषांना बसवलं होतं. पण पहार धरलेले हात ते, रोबोची दांडी अशी रेटायचे की तो पाइपाच्या कडेला चढून उताणा पडायचा. मी जन्मभर शिवणयंत्रावर बसलेली. पाय काय करतोय, हात काय करतोय, सुई कुठं आहे, हे एकदम सांभाळायची सवय. बाकीचं चुकत चुकत शिकले. पुस्तक इंग्रजी होतं, ते मी उघडलंच नाही. पडद्यावरचं एकेक बटण दाबून बघितलं आणि काय बिघडतंय ते लक्षात ठेवलं.

रोबो यायच्या आधी आमच्या टोळीत सगळ्यांत मोठा मान यांच्या नाकाला होता. थट्टा करत नाही. तरुणपणी हे स्वतः गटाराच्या चेंबरमध्ये उतरायचे. गुडघे गेले तसे वर बसून नाकाचं काम करायला लागले. पहारीनं झाकण उचललं की थोडं थांबायचे, मग टोपी काढायचे, देवापुढं टेकावेत तसे गुडघे टेकायचे आणि चेंबरच्या तोंडाशी मान घालून श्वास घ्यायचे. 'चला' म्हणाले की माणूस उतरायचा. 'थांबा' म्हणाले की साहेब असोत नाहीतर साहेबांचे साहेब, सगळे थांबायचे.

खाली उतरणाऱ्यांना त्यांनी एकच गोष्ट शिकवली होती. वास येतोय तोवर भिऊ नका, गटार आहे, अत्तराची बाटली नव्हे. पण येता येता वास एकाएकी यायचा थांबला, तर समजा गॅसनं नाक मारलं. आधी नाक मरतं, मागनं माणूस. मग विचार करत उभं राहायचं नाही. 'वास गेला' म्हणून ओरडायचं, आणि वरच्यांनी कशाला, काय, न विचारता दोर ओढायचा.

जुन्या कत्तलखान्यामागच्या चेंबरात हे स्वतः आत असताना तसं ओरडले होते. तिघं जण जिवंत वर आले. त्या तिघांत विलास होता.

तेव्हापासून ते दोन शब्द आमच्यात कुणी सहज तोंडातून काढत नाही. इस्माईलभाईंचं अत्तर फिकं पडलं तरी ते 'उडालं' म्हणतात. माझ्या डब्यातला मसाला जुना झाला तर मी 'मसाला मेला' म्हणते. दुसरं काही म्हणत नाही.

रोबो आला आणि माणसाचं उतरणं बंद झालं. पण झाकण उघडलं की आधी यांनी गुडघे टेकायचे, वास घ्यायचा, 'चला' म्हणायचं आणि मगच जावई खाली सोडायचा, हे तसंच राहिलं. जावयाला ना नाक, ना फुप्फुस. तरी कुणी ते बंद करा म्हणालं नाही. नाईकवाडीसाहेबसुद्धा हातातला फोन खाली करून थांबायचे.

त्या दिवशीही यांनी गुडघे टेकले, टोपी बाजूला ठेवली, मान आत घातली.

"चला," हे म्हणाले.

जावई दोराला लटकत खाली गेला.

काम ठिगळाचं होतं. रोबोच्या मागं रबराचा एक लांबोडका फुगा बांधायचा, त्याच्याभोवती लेपात भिजवलेलं कापड गुंडाळायचं, आणि रोबोनं तो ओढत तड्यापर्यंत न्यायचा. वरून नळीनं हवा भरली की फुगा फुगतो आणि कापड पाइपाला आतून घट्ट दाबून धरतो. लेप वाळला की हवा सोडायची, फुगा आकसतो, रोबो त्याला घेऊन परत येतो. ठिगळ आत राहतं. तेवढा वेळ वरचं पाणी यायला नको म्हणून पलीकडच्या चेंबरात बूच मारलेलं असतं.

हा लेप म्हणजे एक प्रकरण होतं. डबा उघडला की डोळ्यांतून पाणी. रॉकेल, खिळखिळी झालेली प्लास्टिकची खुर्ची आणि सडका अननस एकत्र जाळलं तर जसं होईल तसा दर्प. विलासनं तोंडाला रुमाल बांधला. इस्माईलभाई रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभे राहिले. साहेबांनी फोन आल्यासारखं केलं आणि कोपऱ्यापर्यंत बोलत गेले. समोरच्या माडीवरच्या माळवदेकाकूंनी खिडकी धाडकन लावली.

आणि आमचे हे, उघड्या डब्याशेजारी फरशीवर बसून, भाकरीवर ठेचा घेऊन जेवत होते.

"धोंडूभाऊ," इस्माईलभाई पलीकडून ओरडले, "तिथं घास उतरतो तरी कसा तुमचा?"

"भूक लागली की उतरतो."

इस्माईलभाई हसले. हसता हसता त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पडद्याकडं बघितलं. पडद्यावर तेव्हा काहीच नव्हतं, नुसता पाइप.

मी डबा यांच्यापासून उचलला आणि झाकण लावलं. "ठेच्यात घाण पडायची," म्हटलं.

"आज लसूण जास्त घातलायस," हे म्हणाले.

"हो," मी म्हटलं. सकाळी डबा भरताना मीच तसं सांगितलं होतं.

फुगा जागेवर गेला, हवा भरली, आम्ही लेप वाळायची वाट बघत बसलो. ऊन डोक्यावर आलं. विलास गाडीच्या पायरीवर येऊन बसला. माझ्या पाठचा. माझ्या कडेवर वाढला, म्हणून अजून माझ्यासमोर पाय पसरून बसतो आणि माझ्या डब्यात न विचारता हात घालतो.

"अक्का, जावई काय करतोय?"

"झोपलाय."

"झोपंल. सासुरवाडीला दुसरं काम काय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "दाजी आजकाल गप असतात गं."

"कधी बोलके होते?"

"तसं न्हाई." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "आपलं सहज म्हणालो."

वेळ झाल्यावर मी हवा सोडायचा खटका फिरवला. हवेच्या काट्यानं हलायला हवं होतं. हलला नाही. पुन्हा फिरवला. नळीतून उंदरानं उसासा टाकावा तेवढी हवा आली आणि थांबली. पडद्यावर मागच्या डोळ्यात फुगा तसाच टम्म.

इस्माईलभाईंनी चेंबरमध्ये बॅटरी मारली. भिंतीतली लोखंडी पायरी निखळून तिच्यासोबत विटा सुटल्या होत्या आणि नेमक्या पाइपाच्या तोंडाशी नळीवर पडून रुतून बसल्या होत्या. नळी चेंगरली होती. वरून नळी कापूनही उपयोग नव्हता, हवा अडली होती ती विटांच्या पलीकडं.

त्यांनी बांबूला आकडा बांधून बघितला. विलासनं दोन बांबू एकमेकांना जोडून बघितले. आकडा विटेला लागायचा, विटेवरून घसरायचा आणि वर यायचा तो शेवाळ घेऊन. साहेब गुडघ्यावर हात ठेवून वाकून बघत होते. घाम त्यांच्या नाकावरून चेंबरात पडत होता.

"फुगा असाच राहिला तर?" साहेबांनी मला विचारलं. त्यांना माहीत होतं. तरी विचारलं.

"फुगा पाइपाला चिकटंल, साहेब. आणि फुग्याला जावई. पाइप बंद."

तेवढ्यात माडीवरची खिडकी उघडली.

"अहो! अहो खालचे! आमच्या मोरीत वर यायला लागलंय!"

"काकू, थोडा वेळ," साहेब म्हणाले. "काम चालू आहे."

"काम चालू आहे ते मोरीतूनच कळतंय मला! आज घरात सवाष्ण जेवायला आहे हो, तिला काय नाक दाबून वाढू?"

पलीकडच्या वाड्यातून, त्याच्या पलीकडच्या दुकानातून, अशीच ओरड सुरू झाली. बूच काढावं तर सगळं पाणी येऊन फुग्याला धडकणार आणि ठिगळासकट सगळं वाया जाणार. न काढावं तर गल्लीच्या मोऱ्या भरणार. साहेबांचा फोन वाजला. "हो सर. होतंय सर. नाही सर, तसं नाही सर." फोन ठेवून त्यांनी डोळे चोळले. मग चेंबरकडं न बघता, विलासकडं न बघता, मधल्या हवेकडं बघत म्हणाले,

"बघा जरा."

आमच्या खात्यात असं कुणी कधी 'उतर' म्हणत नाही. बंदी आहे. माणूस उतरवला तर साहेबाची नोकरी जाईल. म्हणून 'बघा जरा' म्हणतात. नाईकवाडींच्या आधीचे साहेब 'काढा काहीतरी मार्ग' म्हणायचे. त्यांच्या आधीचे नुसते घसा खाकरायचे. ऐकणाऱ्याला कळतं.

विलास उठला. शर्ट काढून गाडीच्या आरशाला अडकवला आणि दोर कमरेला बांधायला लागला.

मी गाडीतून उतरले. "साहेब, गाडीवर काय लिहिलंय?"

"शालनताई, मी उतरा म्हणालो का?"

"नाही."

"मग?"

"मीटर कुठाय?" मी विचारलं. रोबोसोबत गॅस मोजायचा पिवळा डबा आला होता, खिशात मावणारा.

"पुण्याला गेलाय. तपासणीला." साहेबांचा आवाज बारीक झाला. "आता कुणी उतरतच नाही ना, म्हणून कुणी आणायला नाही गेलं."

"अक्का, तू उगं डोकं खाऊ नकोस," विलास गाठ ओढत म्हणाला. "दोन विटा बाजूला करायच्या. जाऊन येतो. आन मीटर कशाला पायजे? ते बसलंय की आपलं मीटर."

सगळ्यांनी यांच्याकडं बघितलं.

हे फरशीवरून उठले. उठताना दोन्ही गुडघे वाजले. "मी उतरतो," म्हणाले.

"तुम्ही उतरला तर तुमास्नी काढायला क्रेन आणावी लागंल, दाजी. तुम्ही नाक सांभाळा."

हे चेंबरपाशी आले. टोपी काढली. गुडघे टेकले.

आमच्या लेकीच्या, सुमनच्या लग्नात मांडवामागं जिलेबीचं तेल कढईत पेटलं होतं. अख्खा मांडव खोकत बाहेर पळाला. हे कढईकडं पाठ करून व्याह्यांना आग्रह करत होते, "बसा की, अजून पंगत व्हायचीय." धूर डोळ्यांसमोर आला तेव्हा वळले. लोक म्हणाले, मुलीच्या बापाला कशाचं भान असतं. मीही तेच म्हटलं.

पुढं एकदा मी शेजारी गेले होते आणि गॅसवर दूध करपून कोळसा झालं. हे तिथंच, शेगडीपासून हातभरावर, आरसा भिंतीला टेकवून दाढी करत होते. मी आले तेव्हा गालाचा साबणसुद्धा हलला नव्हता. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग पातेल्याकडं. मी म्हटलं, "मीच विसरले."

त्यानंतर मी घरात बोलायला लागले. आधीच बोलकी, त्यात आणखी थोडी. "आमटीला काय वास सुटलाय बघा." "शेजारी बोंबील भाजतायत वाटतं." "उदबत्ती संपली का हो, मोगऱ्याची होती." ताटावर बसले की पहिल्या घासाआधी हे माझ्याकडं बघायचे. मी सांगायचे. मग हे म्हणायचे, "हो, दारातच कळलं."

आम्ही दोघं त्याबद्दल एकमेकांशी कधी बोललो नाही. टोळीतही कुणी बोललं नाही. इस्माईलभाई एकदा नवीन अत्तर लावून यांच्या अगदी जवळ उभे राहिले होते, बराच वेळ. मग जाऊन गाडी पुसायला लागले. रोबो आला होता, कुणी उतरत नव्हतं. एका माणसानं टोपी काढून गुडघे टेकले तर कुणाचं काय जात होतं?

यांनी मान चेंबरात घातली. श्वास घेतला. नेहमीपेक्षा लांब. पुन्हा घेतला.

"अहो, नीट बघा," मी म्हटलं.

यांनी मान वर काढली. माझ्याकडं बघितलं नाही.

"चला," म्हणाले.

"बोल आता," विलास मला म्हणाला, आणि काठाला हात टेकून आत पाय सोडले. उरलेल्या पायऱ्यांवर पाय चाचपत खाली गेला. आधी छाती गेली, मग तो गळ्यातला आमच्या आईनं बांधलेला काळ्या दोऱ्यातला ताईत, मग डोक्याचा भोवरा. लहानपणी त्या भोवऱ्यावर तेल जिरवायला बसले की पळायचा.

दोर इस्माईलभाईंनी धरला. मागं साहेबांनी धरला, इस्त्रीचा शर्ट घालून. हे काठावर पोटावर आडवे झाले, तोंड चेंबरात. ती नाकाची जागा. माणूस वर येईपर्यंत नाकानं तिथून हलायचं नसतं.

उतरलेल्यानं बोलत राहायचं असाही नेम आहे.

"दाजी, हितं लई गार हाय," खालून आवाज आला. घुमटातून यावा तसा. "जावयाची चैन हाय. आपण उगंच वर भाजतोय."

"विटा बघ," हे म्हणाले.

"बघतोय. दोन हायत. एक आडवी बसलीय बेणी... हात पोचना. पाइपात वाकावं लागंल."

"वाक. बोलत राहा."

"काय बोलू? अक्काची तक्रार करू?"

मी जाऊन यांच्याशेजारी उकिडवी बसले. तोंडावर वाफ आली. सडक्या अंड्यांची, साबणाची, जुन्या पाण्याची. मी पदर नाकाला लावला. यांनी ते बघितलं. डोळ्यांच्या कोपऱ्यातून, पण बघितलं.

"एक निघाली!" विलास खालून ओरडला. मग खोकला. "बेणी, लई जड."

"शालन," हे म्हणाले. इतक्या हळू, की ते मलाच ऐकू गेलं. आणि माझ्याकडं तोंड करून थांबले.

ते थांबणं मला ओळखीचं होतं. ताटावर बसल्यावर पहिल्या घासाआधीचं. मी फक्त म्हणायचं होतं, "येतोय हो, चांगला झणझणीत येतोय." ते खोटंही नव्हतं. मला येत होता. मग हे म्हणाले असते, "हो, येतोय." विलासनं दुसरी वीट काढली असती, फुगा आकसला असता, माळवदेकाकूंची सवाष्ण जेवली असती. संध्याकाळी आम्ही घरी गेलो असतो. आणि पुढच्या वेळी साहेब हवेकडं बघून 'बघा जरा' म्हणाले असते तेव्हा हे गुडघे टेकायला उठले असते, आणि मी शेजारी नसते.

मी तोंड उघडलं होतं.

खाली विलास पुन्हा खोकला. खोकून हसला. "अक्का, तुला म्हणून सांगतो, तुझा नवरा वर पडलाय आरामात आन..." पुढचं पाइपात गेलं.

मी तोंड मिटलं.

हे बघत राहिले. आधी वाट बघितल्यासारखं. मी पदर तोंडावरून काढला आणि तशीच बसून राहिले. मग यांच्या डोळ्यांतलं ते वाट बघणं हळूहळू उतरलं. नदीचं पाणी पायरीवरून उतरतं तसं, खालची ओली पायरी दिसायला लागेपर्यंत.

त्यांनी मान चेंबराकडं वळवली आणि कत्तलखान्यामागं ओरडले असतील त्याच आवाजात ओरडले,

"वास गेला!"

इस्माईलभाईंनी काही विचारलं नाही. दोर एका झटक्यात ताणला. साहेबांचे पाय घसरले, ते फरशीवर बसले आणि बसल्या बसल्या ओढत राहिले. मी मधे घुसून दोर धरला. खाली काहीतरी आपटलं, विलास ओरडला, भिंतीला घासत, पायऱ्यांना अडखळत वर आला. यांनी त्याची बगल धरून त्याला रस्त्यावर ओढून घेतलं. त्याची दोन्ही कोपरं सोलली होती आणि हातात वीट होती. दुसरी आतच राहिली.

तो जावई पुढं रस्ता फोडूनच बाहेर काढावा लागला. फुगा त्याच्या पाठीला पोरासारखा चिकटलेला होता. गल्लीनं दोन दिवस आम्हाला शिव्या घातल्या. पण ते नंतरचं.

तेव्हा आम्ही सगळे चेंबराभोवती जिथं पडलो होतो तिथंच होतो. इस्माईलभाईंच्या तळव्यांना दोर कापला होता. साहेब फरशीवर पाय पसरून बसले होते, धापा टाकत, आणि विलासला नखशिखांत बघत होते. जणू त्यांनी त्याला आजवर नीट बघितलंच नव्हतं. माडीवर माळवदेकाकू गजाला धरून उभ्या होत्या.

विलास उठून बसला. छाती भरून श्वास घेतला, एकदा, दोनदा. चेंबरच्या तोंडाकडं मान नेऊन हुंगला. मग मागं सरकला आणि यांच्याकडं वळला.

"दाजी, निम्मं काम झालं होतं. दुसरी वीट हातात येतच होती." तो चिडलेला होता, पण त्याला नीट चिडता येत नव्हतं. "मला तर चांगला झणझणीत येत होता वास. आत्तापण येतोय. कवा गेला?"

इस्माईलभाई दोर गुंडाळायला लागले. साहेबांनी आपल्या बुटांकडं बघितलं. कुणाच्याही तोंडावर आश्चर्य नव्हतं. विलासच्याही नव्हतं. प्रश्न तोंडातून निसटल्यावर त्याचं त्यालाच ते कळलं असावं, कारण त्यानं हात पुढं केला, राहू द्या दाजी म्हणाल्यासारखा.

यांनी खाली पडलेली टोपी उचलली, गुडघ्यावर आपटून धूळ झटकली, पण डोक्यावर घातली नाही.

"सुमनच्या लग्नाआधीच गेला," हे म्हणाले.